एक संकेतस्थळ, चार संगणक आणि मूळ प्रत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संकेतस्थळ साध्या एचटीएमएल पानांचे आहे. त्यावर तूर-सोयाबीन खरेदीच्या वेळा, बियाण्यांची उपलब्धता, सभेच्या सूचना आणि कार्यक्रमांची छायाचित्रे असतात. गावातील कार्यालयाचा डेस्कटॉप, तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या हिशेबनिसांचा लॅपटॉप, अमरावतीला शिकणाऱ्या एका सभासदाच्या मुलाचा लिनक्सवर चालणारा लॅपटॉप आणि अधूनमधून एका संचालकांच्या घरचा संगणक, अशा चार ठिकाणांहून त्यात बदल होतात. फाइली पेन ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे जातात, ज्याच्याकडे नेट चालू असेल तो फाइलझिला या फाइली पाठवण्याच्या प्रोग्रामने त्या सर्व्हरवर चढवतो, आणि दर थोड्या दिवसांनी कोणाचा तरी बदल नाहीसा होतो. ही व्यवस्था कशी बसवावी, असे आपण विचारले आहे.

आपल्या वर्णनावरून असे दिसते की, चौघेही मन लावून काम करत आहेत, परंतु संकेतस्थळाची मूळ प्रत कोणती याविषयी प्रत्येकाची समजूत निराळी आहे. कार्यालयातील कर्मचारी डेस्कटॉपवरील फोल्डर मूळ धरतात. हिशेबनीस सर्व्हरवरून पान उतरवून घेतात, त्यात दुरुस्ती करतात आणि तेच पुन्हा चढवतात, म्हणजे त्यांच्या लेखी सर्व्हर हीच मूळ प्रत. विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर जे नीट दिसते तेच खरे मानतो. अशा स्थितीत जो सर्वांत शेवटी फाइल चढवतो त्याची प्रत टिकते आणि बाकीच्यांचे काम मुकाट्याने पुसले जाते. म्हणून कोणते साधन वापरावे हे ठरवण्याआधी एक निर्णय करावा लागेल. मूळ प्रत एकाच ठिकाणी राहील, चारही संगणकांवर तिच्या नकला असतील, आणि लोकांना दिसणारा सर्व्हर हीसुद्धा एक नक्कलच असेल, जिच्यात कोणीही थेट हात घालणार नाही. होस्टिंगच्या पॅनेलमधील फाइल मॅनेजर उघडून ‘एवढी एक वेळ बदलून टाकतो’ असे म्हणणे हासुद्धा या नियमाचा भंगच आहे, आणि माझ्या अनुभवात सगळी शिस्त तिथूनच ढिली पडायला लागते.

गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचा सामायिक फोल्डर करावा, ही सूचना आपल्याला कोणीतरी नक्की करेल. एकच माणूस दोन संगणक वापरत असेल तर तेवढ्याने भागते. चौघांच्या कामात मात्र या सेवा दोन बदल एकत्र करत नाहीत. दोघांनी नेट नसताना एकच फाइल बदलली तर त्या दुसऱ्या नावाची एक जादा प्रत तयार करून ठेवतात किंवा एकाचा बदल मागे टाकतात, आणि कोणता बदल खरा हे शोधण्याचे काम पुन्हा आपल्यावरच येते. त्यातच कोणी चुकून एखादा फोल्डर हलवला तर ती चूक सगळ्यांच्या संगणकांवर इमानेइतबारे पोहोचते.

या कामासाठी मी गिट हे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन सुचवतो. लिनक्सच्या गाभ्याचे काम सांभाळण्यासाठी लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते तयार केले. मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या ते वापरतात म्हणून आपण दबून जाण्याचे कारण नाही, कारण आपल्याला त्यातील पाच-सहा आज्ञाच लागणार आहेत. गिटचे काम समजून घ्यायचे तर तलाठी कार्यालयातील फेरफार नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. सातबारा आजची स्थिती दाखवतो, तर ती स्थिती कोणत्या नोंदीने, कोणत्या तारखेला, कशामुळे आली हे फेरफारावरून कळते. गिटमध्ये प्रत्येक कमिट ही अशी एक नोंद असते. कोणी, केव्हा, कोणत्या ओळी बदलल्या आणि का बदलल्या हे तिच्यात राहते, आणि जुनी स्थिती केव्हाही परत काढता येते. त्यासाठी प्रत्येक संगणकावर गिट बसवताना तेथे काम करणाऱ्याचे नाव अवश्य भरावे. चारही ठिकाणी ‘ॲडमिन’ असे नाव टाकले तर नोंदवहीचा निम्मा उपयोग संपला.

आपल्या भागासाठी गिटचा खरा फायदा निराळाच आहे. कमिट करण्यासाठी नेट लागत नाही. नोंद आपल्याच संगणकावर होते, आणि रेंज आली, मोबाइलचा हॉटस्पॉट मिळाला किंवा तालुक्याला जाणे झाले की साठलेल्या सगळ्या नोंदी एकदम पुश करता, म्हणजे मूळ प्रतीकडे पाठवता येतात. तिथले इतरांचे बदल आपल्याकडे आणणे म्हणजे पुल. पुश-पुलमध्ये फक्त नवा भाग जातो-येतो, त्यामुळे एका सूचनेच्या बदलासाठी काही किलोबाइट पुरतात. शिवाय प्रत्येक संगणकावर संपूर्ण इतिहासासह पूर्ण प्रत असते, म्हणजे चारपैकी तीन संगणक बंद पडले तरी चौथ्यावरून सगळे उभे करता येते.

अडचण येते ती पहिल्याच दिवशी. मूळ प्रत संगणकावर पहिल्यांदा उतरवण्याला क्लोन म्हणतात, आणि गिटचा क्लोन मधेच तुटला तर तो तुटला तिथून पुढे सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. छायाचित्रांनी जड झालेले संकेतस्थळ गावातल्या नेटवर क्लोन करायला बसलात तर दिवस जाईल आणि डेटा पॅकही जाईल. म्हणून पहिला क्लोन अमरावतीला चांगल्या नेटवर करावा, तो आख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावा, बाकीच्या तिन्ही संगणकांवर उतरवावा आणि मग तिथे फक्त पुल करावे. पुलमध्ये तेवढ्या दिवसांचा फरकच येईल. फोल्डर असा आयता आणल्यावर त्यात आधीच्या संगणकावरील नाव राहिलेले नाही ना, तेवढे पाहून घ्यावे. हा मार्ग जमण्यासारखा नसेल तर इतिहासाविना उथळ क्लोन करून तो नंतर सवडीने पूर्ण करता येतो.

पेन ड्राइव्हचा याहून चांगला उपयोग फार थोड्यांना माहीत असतो. गिट ज्या साठ्यात नोंदी ठेवते त्याला भांडार म्हणतात, आणि पेन ड्राइव्हवरच गिटचे ‘बेअर’ भांडार तयार करता येते. अशा भांडारात उघड्या फाइली नसतात, फक्त नोंदी असतात, आणि एरवी नेटवर ठेवलेल्या मूळ भांडाराशी करतो तसेच पुश आणि पुल त्याच्याशी करता येतात. पावसाळ्यात आठ-आठ दिवस नेट बंद राहिले तरी कार्यालयातील कर्मचारी पेन ड्राइव्हवर पुश करतील, हिशेबनीस दारव्ह्याला त्यावरून पुल करतील आणि तेथून नेटवर पुश करतील. फाइली कॉपी-पेस्ट करण्यात आणि यात फरक हा की, इथे कोणाचेही काम न सांगता पुसले जात नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नाहीतर पहिल्याच वापरात घाबरायला होईल. बाजारातील पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट प्रकारे फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांवर फाइलचा मालक कोण ही माहिती राहत नाही. २०२२ पासूनच्या गिटच्या आवृत्त्या असा फोल्डर पाहिला की त्याच्या मालकीबद्दल शंका घेऊन काम करण्यास नकार देतात. त्या संदेशातच तो फोल्डर ‘सेफ डिरेक्टरी’ म्हणून नोंदवण्याची आज्ञा दिलेली असते. ती प्रत्येक संगणकावर एकदा चालवली की प्रश्न मिटतो.

रोजच्या कामाचा क्रम असा ठेवावा. बसल्याबरोबर पुल, मग बदल, ब्राउझरमध्ये तपासणी, कमिट, आणि नेट असेल तर लगेच पुश. कमिटचा संदेश मराठीत आणि अर्थपूर्ण लिहावा. ‘तूर खरेदीची वेळ सोमवारपासून बदलली’ असे लिहिले तर सहा महिन्यांनीही कळते, ‘अपडेट’ लिहिले तर दुसऱ्या दिवशीही कळत नाही. पुश करताना गिटने नकार दिला तर त्याचा अर्थ एवढाच की, दुसऱ्या कोणीतरी मध्यंतरी पुश केलेले आहे, तेव्हा आधी पुल करावे. नेटवर शोधल्यास अशा वेळी ‘फोर्स’ लावण्याचा सल्ला हमखास सापडतो. आपल्या कामात त्याची गरज पडणार नाही, आणि तो लावल्यास आज फाइलझिलामुळे जे होते तेच उद्या गिटमधूनही होईल.

आता दोघांनी एकच ओळ बदलली तर काय होते ते पाहू, कारण नवखा माणूस इथेच गिट सोडून देतो. समजा, कार्यालयात ‘तूर खरेदी : सकाळी ९ ते दुपारी १’ असे लिहिले गेले आणि त्याच दिवशी दारव्ह्याला हिशेबनिसांनी त्याच ओळीत ‘सकाळी १० ते दुपारी २’ असे लिहिले. जो नंतर पुल करेल त्याला गिट थांबवते आणि फाइलमध्ये दोन्ही ओळी ठेवते. वर डावीकडे टोक असलेल्या बाणांच्या सात खुणा, मधे बरोबर-चिन्हाच्या (=) सात खुणा, खाली उजवीकडे टोक असलेल्या सात खुणा, आणि त्यांच्या मधोमध दोघांची दोन वाक्ये. वरचे वाक्य आपले की समोरच्याचे, हे पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण पुल करताना मर्ज होते (दोन्हीकडचे बदल जोडले जातात) की रिबेस (आपले बदल समोरच्याच्या बदलांवर पुन्हा लावले जातात) यावर ते उलटते. वाक्य वाचावे, फोन करून खरी वेळ कोणती ते विचारावे, बरोबर ओळ ठेवावी, दुसरी ओळ आणि तिन्ही खुणांच्या ओळी काढून टाकाव्यात, फाइल साठवावी आणि गिटला ही टक्कर सुटल्याचे सांगून काम पुढे न्यावे. खुणांची एखादी ओळ विसरून राहिली तर ती तशीच संकेतस्थळावर दिसते, म्हणून पुश करण्याआधी फाइलमध्ये त्या खुणा एकदा शोधून पाहाव्यात.

गिट ओळीनुसार तुलना करते ही गोष्ट लक्षात ठेवून पानांची मांडणीच बदलली तर असे प्रसंग फार कमी येतात. आज आपल्या ‘सूचना’ पानावर वर्षभराच्या सगळ्या सूचना एकाच फाइलमध्ये एकाखाली एक आहेत. चौघेही नवी सूचना त्या फाइलच्या माथ्यावर घालतात, त्यामुळे टक्कर होणे अटळ आहे. प्रत्येक सूचना स्वतंत्र फाइलमध्ये ठेवली आणि त्यांची यादी यंत्राने तयार केली तर दोघांनी एकाच दिवशी दोन सूचना टाकल्या तरी गिटला त्यात काहीच वावगे दिसत नाही. ही यादी तयार करणारी साधने म्हणजे स्टॅटिक साइट जनरेटर. जेकिल २००८ मधील आहे, ह्युगो २०१३ मधील. आपल्यासाठी मी ह्युगो निवडेन. जेकिलसाठी रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, प्रत्येक संगणकावर बसवावे लागतात, तर ह्युगो ही एकच चालणारी फाइल असते आणि ती पेन ड्राइव्हवरून देता येते. मात्र चारही ठिकाणी ह्युगोची आवृत्ती एकच असावी. आवृत्ती निराळी असेल तर त्याच मजकुरातून थोडी निराळी पाने तयार होतात, कधी साचाच चालत नाही, आणि दोष कुणाच्या बदलाचा हे शोधत बसावे लागते. ह्युगोने तयार केलेली पाने ज्या फोल्डरमध्ये येतात तो फोल्डर गिटमध्ये घेऊ नये. गिटमध्ये फक्त मजकूर, साचे आणि छायाचित्रे ठेवावीत. तयार पाने कधीही पुन्हा तयार करता येतात, आणि ती गिटमध्ये घातली की प्रत्येक पुलला विनाकारण टकरी होतात.

संगणक निराळे असल्यामुळे होणाऱ्या चुका वेगळ्याच जातीच्या असतात. आपण लिहिले आहे की, कार्यालयात दिसणारे छायाचित्र संकेतस्थळावर दिसत नाही. बहुतेक वेळा कारण एवढेच असते की, मोबाइलमधून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीतील जेपीजी (JPG) असतो आणि पानात तो छोट्या लिपीत (jpg) लिहिलेला असतो. विंडोज हा फरक मानत नाही, लिनक्सवर चालणारा सर्व्हर मानतो. म्हणून सगळी नावे छोट्या रोमन लिपीत, जागा न सोडता, मधे आडवी रेघ देऊन ठेवावीत. देवनागरी नावे चालतात, परंतु पत्त्यामध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे होऊन नऊ अक्षरांचे दिसते, आणि ‘तूर-खरेदी’ असा पत्ता व्हॉट्सॲपवर टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होऊन जाऊ शकतो. ओळीच्या शेवटाची खूणही विंडोजवर निराळी आणि लिनक्सवर निराळी असते. त्यामुळे कधी कधी एक शब्द बदलला तरी गिटला सगळी फाइल बदललेली दिसते. भांडारात ‘गिट-ॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल घालून तीत सगळ्या मजकूर-फाइलींसाठी ‘टेक्स्ट ऑटो’ ही एक ओळ लिहिली की हा प्रश्न चारही संगणकांपुरता सुटतो.

मराठी मजकुराबाबत थोडे थांबून सांगितले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणच्या डीटीपी केंद्रातून येणारी सूचना अनेकदा कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात देवनागरी नसतेच, रोमन अक्षरांवर देवनागरी आकार चढवलेले असतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ अक्षरांची खिचडी दिसते. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, तपासून, मगच घ्यावा. संचालकांच्या घरी जुना विंडोज असेल तर तेथील नोटपॅड फाइल ‘अँसी’ पद्धतीने साठवू पाहते आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ ही युनिकोड साठवण्याची पद्धत वापरते. त्याआधीचा संगणक असेल तर नोटपॅड++ किंवा व्हीएस कोड बसवून द्यावे.

याहून सूक्ष्म घोटाळा ‘ऱ्या’चा आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द दोन संगणकांवर अगदी सारखा दिसतो, पण एका ठिकाणी त्यातील ‘ऱ’ हे युनिकोडमधील स्वतंत्र चिन्ह असते, तर दुसऱ्या ठिकाणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांपासून तोच आकार तयार केलेला असतो. वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, पण संकेतस्थळावरील शोधात निम्मी पाने सापडत नाहीत आणि कोणी शब्द पुन्हा टाइप केला की गिटमध्ये न बदललेली ओळ बदललेली दिसते. चारही संगणकांवर एकच मराठी कळफलक ठरवावा, मग तो इनस्क्रिप्ट असो की ध्वन्यात्मक, आणि जुना मजकूर एकदा शोध-बदल करून एकसारखा करून घ्यावा.

लाइन जाण्याचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच. कमिट चालू असताना डेस्कटॉप बंद पडला तर गिटच्या आतील फोल्डरमध्ये ‘इंडेक्स.लॉक’ ही फाइल तशीच राहते आणि पुढच्या वेळी गिट ‘दुसरे काम चालू आहे’ अशा अर्थाचा संदेश देऊन अडून बसते. दुसरे कोणतेही गिट खरोखर चालू नाही याची खात्री करून ती एवढीच फाइल काढून टाकावी. क्वचित एखादी नोंदच अर्धवट लिहिली जाते. ‘गिट एफएससीके’ (git fsck) ही तपासणी तसे सांगते. त्यावर दुरुस्तीचे प्रयोग करत बसू नये. बिघडलेल्या फोल्डरचे नाव बदलून तो बाजूला ठेवावा, पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवरून नवी प्रत घ्यावी आणि पुश न झालेला मजकूर जुन्या फोल्डरमधून त्यात आणावा. म्हणूनच पुश दिवसाच्या शेवटी न करता कमिटपाठोपाठ करावा असे मी सांगतो.

आता सर्व्हरवर चढवण्याविषयी. गिटमध्ये सगळे बरोबर असूनही संकेतस्थळावर जुनी वेळ दिसू शकते, कारण ज्याने पुल केलेले नाही त्याने आपल्या जुन्या प्रतीतून पाने तयार करून चढवलेली असतात. म्हणून प्रकाशन चार ठिकाणांहून होऊ देऊ नये. सर्वांत बरे म्हणजे प्रकाशनाचे काम यंत्राकडे द्यावे. भांडार गिटहब या गिटची भांडारे नेटवर ठेवणाऱ्या सेवेवर ठेवले तर प्रत्येक पुशनंतर तिची गिटहब ॲक्शन्स ही सोय तिकडेच ह्युगो चालवून पाने तयार करू शकते आणि गिटहब पेजेस या तिच्याच होस्टिंगवर प्रकाशित करू शकते. गावातून फक्त काही किलोबाइटचा पुश जातो, जड चढवणी तिकडच्या तिकडे होते. हिशेबनिसांच्या लॅपटॉपवर ह्युगो नसला तरी चालते, आणि वेळच आली तर मोबाइलच्या ब्राउझरमधूनही एखादी सूचना दुरुस्त करता येते. पेजेसची मर्यादा प्रकाशित संकेतस्थळासाठी १ जीबी आणि महिन्याला १०० जीबी वाहतूक अशी आहे, आणि आपल्या कामाला ती भरपूर आहे. आपले सध्याचे डोमेन तेथे जोडता येते.

याला एक अट आहे आणि ती संचालक मंडळापुढे ठेवलीच पाहिजे. गिटहबच्या मोफत खात्यावर पेजेस वापरायचे तर भांडार सार्वजनिक ठेवावे लागते, म्हणजे त्यातील प्रत्येक फाइल आणि तिचा सगळा इतिहास कोणालाही वाचता येतो. सभासदांची यादी, मोबाइल क्रमांक, बँक खाती, आधारच्या प्रती किंवा सातबारे असलेली एकही एक्सेल फाइल त्या फोल्डरमध्ये ‘तात्पुरती’ म्हणूनही ठेवू नये. दुसऱ्या दिवशी ती काढून टाकली तरी इतिहासात राहते, आणि इतिहासातून काढणे हे वेगळे व किचकट काम आहे. कार्यालयीन कागदपत्रांचा फोल्डर आणि संकेतस्थळाचा फोल्डर संगणकाच्या ड्राइव्हवरच वेगवेगळे ठेवावेत. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, तेही आधी काढावेत.

मंडळाला सध्याचेच होस्टिंग ठेवायचे असेल आणि तेथे एसएसएचची, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणीची, सोय असेल, तर एका ठरलेल्या संगणकावरून आरसिंक या दोन फोल्डर जुळवून फरक पाठवणाऱ्या साधनाने चढवावे. अमरावतीचा लिनक्स लॅपटॉप त्यासाठी योग्य आहे. येथे एक बारकावा आहे. आरसिंक एरवी फाइलचा आकार आणि बदलाची वेळ पाहून फाइल बदलली की नाही हे ठरवते, फाइलझिलाही तुलना याच दोन गोष्टींवर करते. परंतु गिट फाइलींच्या मूळ वेळा जपत नाही, आणि ह्युगोही पाने नव्याने लिहिते, त्यामुळे प्रत्येक वेळी सगळेच संकेतस्थळ नवे वाटते. आरसिंकला ‘चेकसम’ हा पर्याय दिला की ते वेळ न पाहता मजकूर तपासते आणि खरोखर बदललेलेच पाठवते. सर्व्हरवरील जुनी पाने काढण्यासाठी ‘डिलीट’ पर्याय लागतो, आणि तो धारदार आहे. उगम म्हणून चुकून रिकामा फोल्डर दिला तर सर्व्हरवरील सगळे पुसले जाते. उगम-फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ आहे की नाही यानेही फरक पडतो. रेघ नसेल तर सर्व्हरवर त्या नावाचा नवा फोल्डर तयार होऊन त्यात संकेतस्थळ जाऊन बसते. म्हणून आधी ‘ड्राय रन’ करून काय जाणार आणि काय पुसले जाणार याची यादी वाचावी. या सगळ्याची एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा ओळीने चालवणारी फाइल, करावी, जी आधी पुल करेल, कमिट न झालेले काही शिल्लक असेल तर थांबेल, पाने तयार करेल आणि मगच चढवेल. होस्टिंगवर नुसते साधे एफटीपी असेल तर त्यात पासवर्ड उघडा जातो, एवढ्या कारणासाठीही मी होस्टिंग बदलेन.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगतो. मोबाइलचे छायाचित्र सहज तीन-चार एमबीचे असते, संकेतस्थळाला १२०० पिक्सेल रुंदी पुरते आणि त्यात ते दोन-तीनशे केबीच्या आत बसते. आकार कमिट करण्याआधी कमी करावा, कारण मोठी प्रत एकदा आत गेली की ती नंतर बदलली तरी इतिहासाचे वजन कायमचे वाढते. १०० एमबीहून मोठी फाइल गिटहब घेतच नाही, तेव्हा सभेची चित्रफीत यूट्यूबवर टाकून फक्त दुवा द्यावा.

खात्यांची व्यवस्था कागदावर लिहून ठेवावी. गिटहबने ऑगस्ट २०२१ पासून पासवर्डने पुश करणे बंद केले आहे, त्यामुळे प्रत्येक संगणकावर पासवर्डच्या जागी चालणारी स्वतःची एसएसएच किल्ली तयार करावी आणि तिला त्या संगणकाचे नाव द्यावे. एकच किल्ली चौघांना वाटू नये. लॅपटॉप विकला किंवा चोरीला गेला तर तेवढी एक किल्ली रद्द करता येते आणि बाकीच्यांचे काम अडत नाही. भांडाराची आणि डोमेनची मालकी विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यावर ठेवू नये. कंपनीच्या ईमेलवर खाते काढावे, चौघांना आपापल्या नावाने त्यात प्रवेश द्यावा, आणि दुहेरी पडताळणीचे राखीव संकेतांक छापून कंपनीच्या कपाटात ठेवावेत. मुलगा शिक्षण संपवून पुण्याला गेला आणि डोमेनच्या नूतनीकरणाचे ईमेल त्याच्याच जुन्या पत्त्यावर जात राहिले, असे प्रकार मी आपल्याच भागातील संस्थांत पाहिलेले आहेत.

सुरुवात करताना सर्व्हरवर आज जे आहे तेच पहिली मूळ प्रत म्हणून घ्यावे, कारण सभासदांनी तेच वाचलेले आहे. ते उतरवून पहिले कमिट करावे. मग चौघांच्या फोल्डरमधील ‘नवीन’, ‘नवीन-अंतिम’ अशा प्रती एकेक करून त्याच्याशी ताडून पाहाव्यात, जे खरोखर राहून गेले आहे तेवढेच आत घ्यावे आणि उरलेल्या प्रती एका पेन ड्राइव्हवर टाकून बाजूला ठेवाव्यात. फाइलझिलामध्ये साठवलेला होस्टिंगचा पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, म्हणजे सवयीने थेट चढवण्याची वाटच बंद होईल. पहिले दोन-तीन आठवडे ह्युगो न आणता फक्त गिटची सवय लावावी, सूचना वेगळ्या फाइलींत नेण्याचे काम त्यानंतर करावे. सोयाबीनची आवक सुरू झाली की कार्यालयात कोणाला मान वर करायला वेळ नसतो, तेव्हा हे सगळे सप्टेंबरच्या आत उरकून घ्यावे.